सांडपाण्याचा वायू आणि पालिकेची तिजोरी

सांडपाण्यातून पैसा मिळतो असे कोणी म्हटले, तर सामान्य नागरिक आधी हसेल आणि मग नाकाला रुमाल लावील. तथापि गोष्ट खरी आहे. मैलापाणी हवेवाचून कुजले की त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने पृथ्वी तापविण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट आहे. हा वायू कोंडून जाळला, तर टाळलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडइतक्या हानीमागे एक कार्बन क्रेडिट मिळते व ते विकता येते. म्हणजे ढोबळ मानाने 36 किलो मिथेनास एक क्रेडिट. केंद्र सरकारने जून 2023 मध्ये या व्यापाराची योजना जाहीर केली आणि डिसेंबरात, ज्यांच्यावर कायद्याचे बंधन नाही त्यांनाही स्वेच्छेने तीत येण्याची वाट मोकळी केली. आपल्या महानगरपालिकेने या वाटेने जावे असे आम्हांस वाटते. मात्र उधारीच्या आशेवर जाऊ नये.

कल्पना नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात 1897 साली मैल्याच्या टाकीतील वायू गोळा करून त्यावर यंत्र चालविले गेले होते. सुरतेच्या महापालिकेने मैलापाण्याच्या वायूवर वीज केली. नाशिकला 2017 साली जर्मन साहाय्याने शौचालयांतील मैला व ओला कचरा एकत्र कुजवून वीज करण्याचा प्रकल्प उभा राहिला. मग पाण्याकडून दळण दळून घेणाऱ्या पाणचक्कीच्या या शहरानेच मागे का राहावे?

परंतु मुंबईच्याच गोराईची हकीकतही ध्यानात ठेवावयास हवी. तेथील कचराभूमी 2009 साली शास्त्रशुद्ध रीतीने बंद करून मिथेन पकडण्याची व्यवस्था झाली. होऊ घातलेल्या क्रेडिटांपोटी आशियाई विकास बँकेची आगाऊ रक्कमही आली. पुढे वायू अपेक्षेइतका निघाला नाही. तेथे कचरा होता, येथे सांडपाणी आहे, एवढाच फरक. गणिताचे उत्तर आधी लिहून मागाहून रीत जुळवू नका, असे आम्ही वर्गात मुलांना सांगत असू. मोठ्यांनाही ते सांगावे लागते!

कांचनवाडीच्या शुद्धीकरण केंद्राची क्षमता दररोज 16 कोटी 10 लाख लिटर आहे. हा आकडा भाषणात शोभतो. पण क्रेडिट क्षमतेवर मिळत नाही, मीटरवर मिळते. पाण्यात किती सेंद्रिय मळ आला, किती गाळ निघाला, बंद टाकीत किती वायू जमला आणि किती जळला, हे रोजच्या रोज मोजले गेले पाहिजे. जे पाणी उघड्या नाल्यातून परस्पर खाम नदीत उतरते, त्याचा मिथेन आकाशात जातो आणि त्याचे क्रेडिट कोणासच मिळत नाही. शिवाय पाण्यात हवा खेळविणाऱ्या शुद्धीकरणात मिथेन मुळातच थोडा. तेथे वायू मिळवावयाचा तो गाळातून, आणि त्यासाठी निराळ्या बंद टाक्या लागतात. तो खर्च कोण करणार, हे आधी ठरले पाहिजे.

आम्हांस याहून मोठी चिंता आहे ती पाण्याची. खाम जटवाड्याच्या डोंगरात उगम पावते, शहर ओलांडते आणि नाथसागराच्या बाजूस गोदावरीला मिळते. त्याच नाथसागराचे पाणी आपण पितो. तेव्हा नाला केंद्राला जोडला तर क्रेडिट मिळो वा न मिळो, आपल्या घागरीत जाणारी घाण तेवढी कमी होते. आणि हाच वायू मेनहोलमध्ये उतरणाऱ्या कामगाराचा जीव घेणाऱ्या वायूंपैकी एक आहे. माणसाला तेथे उतरविण्यास 2013 च्या कायद्याने बंदी असूनही ही भीती संपलेली नाही.

म्हणून पालिकेने कोणत्याही सल्लागार कंपनीशी करार करण्यापूर्वी कांचनवाडीत प्रत्यक्ष येणाऱ्या पाण्याचे व गाळाचे एका वर्षाचे मासिक आकडे प्रसिद्ध करावेत. करारात कंपनीचा वाटा किती आणि वायू कमी निघाल्यास तोटा कोणाचा, हेही नागरिकांस आधी कळावे. क्रेडिटचा जो पहिला रुपया येईल, तो उरलेले नाले जोडण्यासाठी व सफाई कामगारांच्या यंत्रांसाठी राखून ठेवल्याचा ठराव पालिकेने आजच करावा.