सही खरी की प्रमाणपत्र खरे?

मदर तेरेसा यांनी बेसबॉलच्या चेंडूवर सही केली असेल काय? प्रश्न हास्यास्पद वाटतो. परंतु असे चेंडू खरोखरच तयार झाले होते आणि ते विकण्यासाठीच तयार झाले होते. अमेरिकेतील एफबीआय या तपास यंत्रणेने ऑक्टोबर १९९९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात एकाच वेळी अनेक ठिकाणी छापे घातले, तेव्हा जप्त केलेल्या मालात बेब रूथ, मिकी मँटल, मायकेल जॉर्डन यांच्या बनावट स्वाक्षऱ्यांबरोबर मदर तेरेसांच्या नावाचे चेंडूही होते. या तपासाला 'ऑपरेशन बुलपेन' असे नाव दिले गेले होते. खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या जमवण्याच्या छंदाचा इतिहास लिहायचा झाल्यास त्याचे या छाप्यांपूर्वीचा काळ आणि नंतरचा काळ असे दोन भाग पाडावे लागतील.

प्रकरणाची सुरुवात शिकागोत झाली. १९९० च्या दशकाच्या मध्यास जॉर्डन आणि शिकागो बुल्स संघातील खेळाडूंच्या खोट्या सह्यांचा मोठा व्यापार तेथे उघडकीस आला. माल कोठून येतो याचा माग काढता काढता धागे कॅलिफोर्नियापर्यंत पोहोचले. सॅन डिएगोतील अधिकाऱ्यांनी १९९७ पासून गुप्त तपास आरंभला. आशियातील ग्राहकांसाठी खरेदी करणारे व्यापारी असे सोंग घेऊन ते विक्रेत्यांकडे जात. या सोंगाचा दुहेरी उपयोग होता. विकत घेतलेला खोटा माल पुन्हा अमेरिकी बाजारात येण्याची शक्यता उरत नसे आणि माल परदेशी जाणार म्हटल्यावर विक्रेत्यांच्या जिभाही सैल होत. टोनी ग्विन व मार्क मॅकग्वायर यांच्यासारख्या नामवंत खेळाडूंनी या तपासाला साहाय्य केले. अखेरीस साठहून अधिक जण दोषी ठरले आणि अठरा टोळ्या मोडून काढल्याचे एफबीआयने जाहीर केले. मुख्य टोळीने बाजारात आणलेल्या मालाची किंमत दहा कोटी डॉलरपर्यंत असावी, असा अंदाज त्या वेळी व्यक्त झाला होता.

या टोळीतील प्रमुख 'लेखनिक' एकच होता. त्याच्या हातून शेकडो प्रसिद्ध व्यक्तींच्या सह्या उतरत असत. या माणसाचे कौशल्य समजून घेतल्याखेरीज बनावट सही ओळखण्याचे शास्त्र कोठे थिटे पडते, ते कळणार नाही.

हस्ताक्षरतज्ज्ञांची जुनी शिकवण अशी की, खरी सही वेगाने होते आणि खोटी सावकाश. आपली सही करताना माणूस विचार करीत नाही. लेखणी कागदाला टेकण्याआधीच हात हलू लागलेला असतो आणि शेवटच्या अक्षरानंतरही तो हवेत पुढे जातो. त्यामुळे रेषेची दोन्ही टोके निमुळती होतात. नक्कल करणारा मात्र समोरचा नमुना पाहत पाहत रेषा 'काढतो'. टोके बोथट राहतात, वळणावर कंप दिसतो, मध्येच लेखणी उचलल्याच्या खुणा राहतात आणि जेथे हात अडला तेथे शाईचा बारीकसा ठिपका साचतो. भिंगाखाली हे सारे दिसते. आणखी एक कसोटी याहून सोपी आहे. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि त्या तंतोतंत जुळल्या, तर त्यांपैकी एक तरी गिरवलेली, छापलेली अथवा यंत्राने केलेली असते. कोणताही माणूस दोन वेळा हुबेहूब एकसारखी सही करू शकत नाही.

ही शिकवण चुकीची नाही. ती नवशिक्या भामट्याला पकडते. परंतु ज्याने एकच सही हजारो वेळा घोटली आहे, त्याचा हात अडत नाही. तोही वेगाने, न थांबता, निमुळत्या टोकांची रेषा ओढतो. शिवाय आजच्या अनेक खेळाडूंच्या सह्या पूर्वीसारख्या वाचनीय राहिलेल्या नाहीत. रूथ किंवा लू गेरिग यांच्या काळातले खेळाडू पूर्ण नाव वळणदार अक्षरांत लिहीत. आता स्टेडियमबाहेर शंभर हात पुढे आलेले असताना खेळाडू एक आद्याक्षर, एक लाट आणि जर्सीचा क्रमांक एवढेच उमटवून पुढे सरकतो. तपासायला अक्षरेच उरलेली नसतील, तर तज्ज्ञ तरी काय तपासणार?

म्हणून अनुभवी संग्राहक आधी सहीकडे पाहतच नाहीत. ते पाहतात चेंडूकडे, शाईकडे आणि दिनांकाकडे. सहीची नक्कल करता येते. पण काळाचा क्रम उलटा फिरवता येत नाही, हे या पद्धतीचे मर्म आहे.

बेब रूथ यांचे उदाहरण घेऊ. त्यांचे निधन १६ ऑगस्ट १९४८ रोजी झाले. अमेरिकेतील अधिकृत बेसबॉलवर दीर्घकाळ त्या त्या लीगच्या अध्यक्षाच्या सहीचा शिक्का छापला जात असे. अमेरिकन लीगचे अध्यक्षपद १९३१ ते १९५९ विल्यम हॅरिज यांच्याकडे होते आणि त्यानंतर ते जो क्रोनिन यांच्याकडे गेले. नॅशनल लीगमध्ये वॉरन जाइल्स १९५१ मध्ये अध्यक्ष झाले. तेव्हा क्रोनिन अथवा जाइल्स यांचा शिक्का असलेल्या चेंडूवर रूथ यांची सही कितीही देखणी असली, तरी ती मृत्यूनंतर केलेली ठरते. लेखणीचेही तसेच. बॉलपेन अमेरिकी दुकानांत ऑक्टोबर १९४५ मध्ये आले. गेरिग यांचा मृत्यू जून १९४१ मधला. गेरिग यांच्या नावाची बॉलपेनची सही पाहताच खाली ठेवावी. आज सर्रास वापरला जाणारा 'शार्पी' मार्कर १९६४ चा, म्हणजे रूथ यांच्या पिढीतील बहुतेकांच्या सह्यांशी त्याचा संबंध येऊ शकत नाही. जुन्या म्हणून विकल्या जाणाऱ्या छायाचित्रांना अतिनील प्रकाशाखाली धरतात. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने मिसळण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. १९३० चे म्हणवणारे छायाचित्र अशा प्रकाशात निळसर चकाकले, तर कागद नंतरचा आहे.

भामटे हे सारे जाणून असतात, हेही खरे. ते त्या काळचे कोरे चेंडू शोधतात. पूर्वी लोक चेंडू टिकावा म्हणून त्यावर लाखेचा हात फिरवीत. वर्षे गेली की तो थर पिवळसर तपकिरी पडतो. बुलपेनमधील टोळीने हीच युक्ती नव्या सहीला जुने रूप देण्यासाठी वापरली. पण येथे निदान तपासाला जागा असते. जुने कातडे कोरडे होऊन त्यावर बारीक तडे जातात. शाई त्या तड्यांत उतरली असेल, तर तडे आधीचे आणि सही नंतरची. खरी जुनी सही असेल तेथे तडा शाईच्या रेषेलाही चिरून जातो. शाई लाखेच्या थराखाली आहे की वर, हेही भिंगातून कळते. या खुणा पाहायला भिंग आणि थोडी चिकाटी पुरते. विक्रेता चेंडू हातात द्यायला तयार नसेल आणि केवळ छायाचित्र दाखवत असेल, तर मात्र भिंगाचाही उपयोग नाही.

एक प्रकार या दोहोंच्या मधला आहे आणि तो सर्वांत अडचणीचा. जुन्या काळी संघाकडे सह्यांसाठी चेंडूंच्या पेट्या येत. खेळाडू कंटाळले की ड्रेसिंग रूममधील मदतनीस त्यांच्या नावाने सह्या करीत. यात फसवणुकीचा हेतू नसे, चाहत्याला निराश करू नये इतकेच. अशा चेंडूचा काळ बरोबर, शाई बरोबर, चेंडू संघाच्या खोलीतूनच आलेला. फक्त हात दुसऱ्याचा. आजोबांनी सांगितलेली गोष्ट खरी असते आणि सही खोटी असते. अशा घरातील माणसाला हे सांगण्याची वेळ येते, तेव्हा तज्ज्ञाचे काम सुखाचे राहत नाही.

आता प्रमाणपत्राकडे वळू. सामान्य ग्राहक भिंग घेऊन बसत नाही, तो प्रमाणपत्र मागतो. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १९९२ मध्ये याच भावनेतून कायदा केला. सही केलेली क्रीडावस्तू विकणाऱ्या व्यापाऱ्याने सोबत सत्यतेचे प्रमाणपत्र दिले पाहिजे आणि ते खोटे ठरल्यास ग्राहकाला नुकसानीच्या दहापट भरपाई मागता यावी, अशी त्यात तरतूद होती. बुलपेन प्रकरण याच राज्यात, हा कायदा लागू असताना घडले. टोळीचा माल प्रमाणपत्रांसह विकला जात होता, कारण प्रमाणपत्रेही टोळीच छापत होती. चेंडूवर सही करण्यासाठी निदान हातात कला लागते. प्रमाणपत्राला छापखाना पुरतो. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते कायद्याने ग्राहकाची नजर वस्तूवरून उचलून कागदावर नेऊन ठेवली आणि भामट्यांचे काम सोपे केले. हेतू अर्थातच तसा नव्हता.

छाप्यांनंतर बाजाराने वेगळा मार्ग धरला. मेजर लीग बेसबॉलने २००१ मध्ये स्वतःची प्रमाणीकरण व्यवस्था सुरू केली. तिचे तत्त्व साधे आहे. सही खरी आहे काय, असा प्रश्न नंतर विचारायचाच नाही. सही होताना अधिकृत साक्षीदार हजर असेल तरच तिला क्रमांक असलेला होलोग्राम लावायचा. हे साक्षीदार बहुधा पोलिस सेवेत काम केलेले असतात. क्रमांक संकेतस्थळावर टाकला की वस्तू कोणती आणि ती कोणत्या सामन्यातील, हे समजते. मत देणारा तज्ज्ञ आणि डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार यांतील फरक न्यायालयांना पूर्वीपासून ठाऊक आहे. छंदाच्या बाजाराला तो कळायला एवढी मोठी फसवणूक व्हावी लागली.

तरीही होलोग्राम म्हणजे शेवटी एक चिकटपट्टीच. जुलै २०२५ मध्ये इंडियाना राज्यातील वेस्टफील्ड येथे क्रीडास्मृतिवस्तूंच्या एका विक्रेत्याच्या जागेची झडती घ्यायला पोलिस गेले असता तो मृतावस्थेत आढळला. त्याच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या निवेदनात, आपण चाळीस लाखांहून अधिक बनावट वस्तू विकल्या आणि त्यातून पस्तीस कोटी डॉलरची उलाढाल झाली, असा दावा होता. हा आकडा आरोपीचा स्वतःचा आहे. तो तसाच मान्य करण्याचे कारण नाही. महत्त्वाची बाब दुसरी. या प्रकरणात नामांकित कंपन्यांच्या होलोग्रामचीच नक्कल झाल्याचे सांगितले गेले. १९९९ मध्ये खोटी सही आणि खोटा कागद होता, पंचवीस वर्षांनी खोटी सही आणि खोटा होलोग्राम आला. म्हणून होलोग्राम पाहून थांबू नये. त्यावरील क्रमांक नोंदीत शोधावा आणि नोंदीतील वर्णन हातातील वस्तूशी जुळवून पाहावे. एकच क्रमांक दोन वस्तूंवर असू शकतो.

आपल्याकडे हा छंद क्रिकेटच्या बॅटवर पोसला आहे. पुण्यात २०१२ मध्ये सुरू झालेले आणि सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते उद्घाटन झालेले 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे खासगी संग्रहालय त्याची साक्ष देते. धर्मादाय लिलावांत सह्यांच्या बॅटला मागणी असते. कॅलिफोर्नियासारखा स्वाक्षऱ्यांपुरता वेगळा कायदा आपल्याकडे नाही. फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेखाली किंवा ग्राहक आयोगाकडे न्यावी लागते, आणि फौजदारी खटल्यात विक्रेत्याचा अप्रामाणिक हेतू सिद्ध करणे आवश्यक असते. 'मलाही ती खरीच वाटली' हा बचाव खोडून काढणे सोपे नाही.

काळाच्या क्रमाची कसोटी मात्र बॅटलाही तितकीच लागू पडते. १९८३ च्या विश्वविजेत्या संघात चौदा खेळाडू होते. त्यांपैकी यशपाल शर्मा यांचे १३ जुलै २०२१ रोजी निधन झाले. चौदाही सह्या असलेली बॅट कोणी दाखवली, तर प्रथम तिच्यावरील कंपनीच्या स्टिकरची रचना कोणत्या सालची आहे ते पाहावे. सह्या छापील तर नाहीत ना, हे बॅट उजेडात तिरपी धरून पाहावे. मार्करच्या रेषेत शाईचा दाटपणा कमी-जास्त होतो आणि एक रेषा दुसरीवरून जाते तेथे ती गडद होते. छपाईत हे सहसा दिसत नाही. सर डॉन ब्रॅडमन यांच्याबाबत वेगळी काळजी घ्यावी लागते. चाहत्यांच्या पत्रांना उत्तरे देत त्यांनी उतारवयापर्यंत विपुल सह्या केल्या. त्यांची सही दुर्मीळ आहे असे सांगून जो अवाच्या सवा किंमत मागतो, त्याला एकतर विषय ठाऊक नाही किंवा तो ग्राहकाला अडाणी समजतो.

बुलपेनमधील एक प्रश्न अद्याप सुटलेला नाही. एफबीआयने जप्त केला तो माल टोळ्यांनी विकलेल्या मालाचा अंशच होता. उरलेले चेंडू, छायाचित्रे आणि जर्सी हजारो घरांतील काचेच्या कपाटांत आहेत. नमुन्याशी तुलना करून मत देणाऱ्या तज्ज्ञाकडे नमुने येतात ते याच बाजारातून. त्यात टोळीच्याच लेखनिकाच्या सह्या मिसळल्या असतील, तर तुलना खऱ्याशी होते आहे की खोट्याशी, हे कोण ठरवणार? त्यातच या वस्तूंचे मूळ खरेदीदार आता वृद्ध झाले आहेत. त्यांच्यामागे मुले कपाट उघडतात आणि चेंडू लिलावगृहाकडे धाडतात. सोबत १९९८ चे पिवळे पडलेले प्रमाणपत्र असते. एवढी वर्षे एकाच घरात जपून ठेवलेला कागद म्हणून लिलावाच्या यादीत त्याचा उल्लेख आवर्जून केला जातो.