कॅल्शियमची गोळी कोणी घ्यावी?

देऊळगांव राजाच्या बाजारांत औषधांच्या दुकानापुढें थोडा वेळ उभें राहिलें कीं एक गोष्ट सहज ध्यानांत येते. डॉक्टरांची चिठ्ठी नसतांही लोक कॅल्शियमच्या गोळ्या मागून घेतात. एकाचे गुडघे दुखतात, दुसऱ्याच्या मुलाची उंची वाढत नाहीं, तिसऱ्यास नुसता थकवा वाटतो. उपाय मात्र सर्वांस एकच. उलटपक्षीं, जिच्यासाठीं ही गोळी सरकारी दवाखान्यांतून विनामूल्य घरीं आलेली असते, ती गर्भवती सून पुष्कळदां तीं पाकिटें पेटींत साड्यांखालीं ठेवून देते. एका परिचिताच्या घरीं मूल चार महिन्यांचें झालें तरी न फोडलेलीं पाकिटें पेटींत तशींच पडलेलीं मीं स्वतः पाहिलीं आहेत. ज्यास गरज नाहीं त्यानें पदरमोड करून विकत घ्यावी आणि जिला गरज आहे तिनें ती टाकून द्यावी, हा उफराटा व्यवहार पाहूनच हे चार शब्द लिहिण्याचें मनांत आलें.

प्रौढ माणसाच्या शरीरांत सुमारें एक किलो कॅल्शियम असतें व त्यांतील ९९ टक्के हाडांत आणि दांतांत सांठलेलें असतें. उरलेला एक टक्का रक्तांत व इतर पेशींत फिरतो; पण त्या एका टक्क्यावर हृदयाचें स्पंदन व स्नायूंचें आकुंचन अवलंबून असल्यामुळें शरीर तें प्रमाण कमी होऊं देत नाहीं. अन्नांतून पुरेसें आलें नाहीं तर तें हाडांतून काढून घेतें, आणि धन्यास याचा पत्ताही लागत नाहीं. हाडांतील ही पुंजी बहुतेक सारी विशीच्या आंतच जमते. म्हणून शाळेंतील वर्षें महत्त्वाचीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०२० सालीं ठरविलेल्या मानाप्रमाणें १३ ते १५ वर्षांच्या मुलामुलींस रोज १००० मिलिग्रॅम, १६ ते १८ वर्षांच्यांस १०५० मिलिग्रॅम आणि अंगावर पाजणाऱ्या मातेस १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतें.

आतां आपल्या ताटाकडे पाहूं. ज्वारी हें आपलें अन्न. पण १०० ग्रॅम ज्वारींत कॅल्शियम अवघें ३० मिलिग्रॅमच्या आसपास. भाकरीनें पोट भरतें, बळ येतें, परंतु हा एक हिशेब तिच्यानें पुरा होत नाहीं. तो दुधानें, दह्यानें, ताकानें होतो; पेलाभर दुधांत सुमारें २४० मिलिग्रॅम मिळतें. नाचणींत १०० ग्रॅमला ३५० च्या घरांत, आणि तिळांत तर हजाराहूनही अधिक. मेथी, शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी यांतही तें चांगलें असतें. पालकांत आकडा मोठा दिसतो खरा, पण त्यांतील ऑक्झॅलेट नांवाचा पदार्थ कॅल्शियमला धरून ठेवतो व शरीराच्या हातीं फारसें लागत नाहीं. तिळाच्या सालींतही तो थोडाबहुत आहे. तरीही तीळ सोडूं नयेत. १२ जानेवारीस शेजारच्या सिंदखेड राजास जिजाऊंच्या जन्मोत्सवाची गर्दी उसळते आणि दोनतीन दिवसांतच संक्रांत येते. भोगीच्या बाजरीच्या भाकरीवर आपल्या आया तीळ थापतात. तो तीळ वर्षांतून एकच दिवस कां, एवढेंच मला विचारावयाचें आहे. तिळाची चटणी बारा महिने होऊं शकते.

येथें एक नाजूक गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. ज्यांच्या दारांत म्हैस आहे त्यांच्याही घरचें दूध बहुतांशी डेअरीस जातें; जें उरतें तें मुलाच्या पेल्यांत पडतें आणि मुलीच्या वाट्यास कपभर चहा येतो. पुढें हीच मुलगी माता होते, आणि मग तिच्या रिकाम्या पेढीवर गर्भाची हुंडी येते. पालकांनी रागावूं नये. पण ज्या घरांत असें घडतें तेथें मुलासाठीं उंचीच्या गोळ्या आणण्यापूर्वीं मुलीच्या पेल्याकडे पाहिलें पाहिजे. शिवाय कॅल्शियमच्या गोळीनें मुलांची उंची वाढते असें प्रयोगांत दिसून आलेलें नाहीं.

केवळ चांगलें खाऊनही भागत नाहीं, हें आपल्याच महाराष्ट्रांत शंभर वर्षांपूर्वीं दिसून आलें. नाशिक येथें डॉ. हचिसन व डॉ. शहा यांनीं मुडदूस व हाडें मऊ होण्याचा विकार यांचा अभ्यास करून १९२२ सालीं तो प्रसिद्ध केला. पडद्यांत राहणाऱ्या सुखवस्तु घरांतील स्त्रियांत व त्यांच्या अर्भकांत हा विकार आढळला. उलट निकृष्ट अन्न खाऊन उघड्यावर वाढणारीं गरिबांचीं मुलें त्यापासून बरीचशीं मुक्त होतीं. ऊन अंगावर पडल्यानें त्वचेंत ड जीवनसत्त्व तयार होतें आणि त्यावांचून आंतड्यांस कॅल्शियम नीट शोषितां येत नाहीं. वऱ्हाडांत उन्हाला तोटा नाहीं, ही आपली न मागतां मिळालेली संपत्ति. मात्र शाळा, शिकवणी आणि घरचा पडदा लावलेला दिवाणखाना यांतच दिवस काढणाऱ्या मुलांस तिचा कांहीं उपयोग नाहीं.

मग गोळी हवी कोणास? भारत सरकारनें २०१४ सालीं ठरविल्याप्रमाणें गर्भवती स्त्रीस चौदाव्या आठवड्यापासून प्रसूतीपर्यंत व पुढें सहा महिने रोज दोन गोळ्या द्यावयाच्या असतात. प्रत्येक गोळींत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम व सोबत ड जीवनसत्त्व असतें. ही केवळ बाळाच्या हाडांसाठीं नव्हे. गरोदरपणीं कित्येक स्त्रियांचा रक्तदाब एकाएकी वाढतो, आंकड्या येतात, आणि माता व मूल दोन्हीं जीव धोक्यांत सांपडतात. ज्यांच्या आहारांत कॅल्शियम थोडें, त्यांच्यांत गोळीनें हा धोका पुष्कळ कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनेचीही अशीच शिफारस आहे. बंगळूर व टांझानिया येथें प्रत्येकीं ११,००० गर्भवतींवर झालेल्या व २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर रोज ५०० मिलिग्रॅमनें १५०० मिलिग्रॅमच्या तोडीचें संरक्षण मिळालें. ठरलेली मात्रा मनानें कमी करावी असा याचा अर्थ नव्हे. पण सकाळची एक राहिली म्हणून संध्याकाळचीही फेकूं नये.

गोळी टाकण्याचीं कारणें मला ठाऊक आहेत. पोट बांधून येतें. गोळी भली मोठी, गिळवत नाहीं. आणि सासूबाई म्हणतात कीं तिनें मूल मोठें होऊन बाळंतपण अडतें. हें शेवटचें निव्वळ भय आहे. पहिल्या दोहोंस इलाज आहे: जेवणासोबत घ्यावी, पाणी भरपूर प्यावें, आणि तरीही त्रास झाला तर दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची तपासणी असते, तेथें डॉक्टरांस विचारावें. दोन्ही गोळ्या एकदम घेऊं नयेत, कारण शरीर एका वेळीं सुमारें ५०० मिलिग्रॅमच नीट शोषितें. लोहाची गोळी हिच्याबरोबर मुळींच नको. दोहोंत दोन तासांचें अंतर असावें, नाहीं तर लोह वायां जातें.

बाकीच्यांनीं मात्र सबूर धरावी. अमेरिकेंत ३६,२८२ प्रौढ व वृद्ध स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००६ सालीं बाहेर आला. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांचीं हाडें किंचित् घट्ट झालीं, पण हाडें मोडण्याचें प्रमाण म्हणण्यासारखें घटलें नाहीं, आणि मुतखडे मात्र १७ टक्क्यांनीं वाढले. आमच्या वैशाखांत घामानें अंगांतील पाणी आधींच आटतें, तेव्हां मुतखड्यास आणखी निमंत्रण कशास? ज्यांचीं हाडें खरोखर ठिसूळ झालीं आहेत अशा वृद्धांस डॉक्टर ती देतील. तो प्रश्न निराळा. आणि गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खाण्याचा जो उपदेश हल्लीं मोबाइलवरून फिरतो, त्याविषयीं इतकेंच कीं चुना तोंड भाजतो व तो किती पडला हें बोट मोजूं शकत नाहीं.

विद्यार्थ्यांकडे माझें एक काम आहे. ज्यांच्या घरीं वहिनी किंवा ताई गरोदर असेल त्यांनीं तें पाकीट हातीं घेऊन त्यावरील बारीक अक्षरें वाचावीं. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असें लिहिलेलें आढळेल. त्यांत खरें कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, कारण कार्बोनेटमध्यें तें शेंकडा चाळीसच असतें. रसायनशास्त्राच्या तासाला शिकलेलें गणित येथें करून पाहावें, तें तिला मोठ्यानें समजावून सांगावें, आणि जातां जातां सकाळची गोळी घेतली कीं नाहीं तेंही विचारावें.