सायरनला वाट, रस्त्याला हक

जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गाचे नाव गिनीज बुकात गेले. 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरची सलग डांबरी मार्गिका तयार झाली. वऱ्हाडाला त्याचा अभिमान वाटला आणि तो वाटायलाच हवा. पण पेशंट घेऊन निघालेल्या ॲम्ब्युलन्सच्या चालकाची खरी परीक्षा हा महामार्ग सोडून शहरात शिरल्यावर सुरू होते. अमरावतीत राजापेठ, राजकमल चौक ओलांडून इर्विन गाठायचे. अकोल्यात मोर्णेपलीकडच्या जुन्या शहरातून सर्वोपचार रुग्णालय गाठायचे. सायरन वाजत राहतो आणि गाडी जागची हलत नाही.

सायरनला मर्यादा आहेत. काचा बंद, एसी सुरू आणि गाणी लावलेली असतील, तर गाडी अगदी जवळ येईपर्यंत आवाज कळत नाही. कळला तरी तो मागून येतो की बाजूच्या रस्त्याने, हे चौकात उमगत नाही. कानात इअरफोन घालून स्कूटर चालवणाऱ्याचीही तीच गत. म्हणून आवाजाऐवजी रेडिओलहरींनी चालकाला आधीच सावध करण्याचे प्रयोग जगभर सुरू आहेत. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या केटीएच विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी 2017 च्या सुमारास अशी एक यंत्रणा बनवली. ॲम्ब्युलन्स जवळ आली की पुढच्या गाड्यांमधील एफएम रेडिओवरचे गाणे थांबते आणि सूचना ऐकू येते. अमेरिकेत तर 1999 मध्येच गाड्यांच्या आपसातल्या संदेशांसाठी वेगळ्या लहरी राखून ठेवल्या होत्या. त्यातला मोठा हिस्सा 2020 मध्ये वायफायसारख्या वापरासाठी काढून घेतला गेला.

हे सगळे ऐकायला छान आहे. पण आपल्या रस्त्यावर कोण असते? दुचाकी, ऑटो, हातगाडी, भाजीची गाडी, सायकल. त्यांच्याकडे ना रेडिओ, ना स्क्रीन. महागड्या कारवाल्याला सूचना मिळाली तरी त्याच्या पुढे चार ऑटो आणि बाजूला पार्किंगची रांग असेल, तर तो सरकणार कुठे? सूचना गाडीत पोहोचून भागत नाही, रस्त्यावर जागाही लागते. म्हणून माझे म्हणणे असे की वायरलेस यंत्रणेची मागणी आपण जरूर करावी, पण ती गाड्यांच्या आधी चौकांसाठी करावी.

चौकातली यंत्रणा साधी असते. ॲम्ब्युलन्स आपण कुठे आहोत हे सिग्नलला कळवते. सिग्नल तिच्या बाजूला वेळेआधी हिरवा होतो, पुढची रांग निघून जाते आणि आडव्या रस्त्याची वाहने थांबतात. गाडी गेली की सिग्नल मूळ वेळेवर येतो. दुचाकीवाल्याला काहीही विकत घ्यावे लागत नाही, तो फक्त सिग्नल पाळतो. यासाठी लागणारी निम्मी सामग्री आपल्याकडे आहे. राज्यात 108 ची सेवा 2014 मध्ये 937 ॲम्ब्युलन्स घेऊन सुरू झाली आणि या गाड्यांवर जीपीएस आहे. गाडी कुठे आहे हे नियंत्रण कक्षाला कळते, फक्त चौकाला कळत नाही.

विदर्भात असे काही जमणार नाही, असे म्हणायला जागा नाही. नागपुरात सप्टेंबर 2021 मध्ये आयरास्ते प्रकल्प सुरू झाला. महापालिकेच्या बसमध्ये टक्कर होण्याआधी चालकाला सावध करणारी यंत्रे बसवण्यात आली. तंत्र वेगळे आहे, पण महापालिका, संशोधन संस्था आणि कंपन्या एकत्र आल्या तर काम होते, हे त्यातून दिसते. अमरावती आणि अकोला याही महापालिकाच आहेत.

याची सर्वाधिक गरज कोणाला आहे, तेही पाहू. धारणी-चिखलदऱ्याहून निघालेली बाळंतीण घाट उतरून, परतवाडा ओलांडून अमरावतीला येते. तिची मोलाची वेळ घाटातच गेलेली असते. मेळघाटात मोबाइलची रेंज जाते-येते, तिथे वायरलेसचा फारसा उपयोग नाही. निदान शहरातल्या शेवटच्या चौकांत तरी तिने थांबू नये.

पण एक धोका आहे. सिग्नल हिरवा करण्याची सोय आली की ती आपल्याही गाडीला हवी, असे म्हणणारे साहेब आणि पुढारी निघतीलच. मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे 1 मे 2017 पासून उतरवावे लागले, ते उगाच नाही. म्हणून ही सोय कोणत्या गाड्यांना आहे, ती यादी जाहीर हवी आणि प्रत्येक वापराची नोंद राहायला हवी. रिकाम्या ॲम्ब्युलन्सही सायरन वाजवत पळतात, असा लोकांचा संशय असतो. तो अशा नोंदीनेच जाईल. आणि यादीत फक्त 108 च्या गाड्या नकोत. मशिदींचे ट्रस्ट, मंडळे, सामाजिक संस्था चालवतात त्या ॲम्ब्युलन्सही हव्यात. गरीब मोहल्ल्यांत बहुतेकदा त्याच धावून येतात.

आता थोडे घरचे. ॲम्ब्युलन्सची वाट अडवणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण गर्दीत कोणाकोणाला पकडणार? जुम्म्याला मशिदीसमोर दुहेरी-तिहेरी लागलेल्या मोटारसायकली, रमजानच्या संध्याकाळी अर्ध्या रस्त्यावर आलेल्या हातगाड्या, जुलूसमध्ये डीजेच्या भिंतीमागे अडकलेली वाहने, हे आपल्याच मोहल्ल्यातले चित्र आहे. दुसरीकडे मंडपही आहेत आणि मिरवणुकाही, पण त्यांच्याकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. पैगंबर साहेबांनी (स.) रस्त्यावर बसणाऱ्यांना रस्त्याचा हक अदा करायला सांगितले होते, आणि कोणाला त्रास न देणे हा त्या हकाचाच भाग आहे. रस्त्यातली अडचण दूर करणे ही ईमानचीच एक शाखा मानली आहे. मग मशिदीच्या दारात पार्किंग लावणारे चार तरुण उभे करायला कोणत्या निधीची वाट पाहायची?

नोव्हेंबर 2020 मध्ये हैदराबादचे ट्रॅफिक कॉन्स्टेबल जी. बाबजी ॲम्ब्युलन्सच्या पुढे पळत गेले आणि त्यांनी गर्दीतून वाट काढून दिली. देशभर त्यांचे कौतुक झाले. पण एका माणसाला असे धावावे लागते, याचा अर्थ यंत्रणा नाही.

म्हणून येत्या महापालिका निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांना दोन प्रश्न विचारू या. इर्विन आणि सर्वोपचारकडे जाणारे सिग्नल ॲम्ब्युलन्सला कधी ओळखू लागतील? आणि त्याआधी, ते सिग्नल रोज चालू कधी राहतील? तोवर मोहल्ल्यातली वाट मोकळी ठेवणे आपल्या हाती आहे.