पाठ विमानांकडे

जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर वायुदलाच्या विमानांच्या कसरती झाल्या. "पुन्हा झाल्या तर स्वयंसेवक होऊ, विमाने जवळून दिसतील," असे माझे डोंबिवलीचे मित्र म्हणतात. मला हे पटत नाही. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर अशाच कसरती पाहायला आलेल्यांपैकी ५ जण दगावले. उन्हाने, पाण्यावाचून अनेकांचे हाल झाले.

मित्रहो, गर्दीचे शिक्षण आपल्याला कल्याण स्टेशनच्या पुलाने दिले आहे. कोण गुदमरतो आहे, हे आपण चटकन ओळखतो.

कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिलाच. आई विचारते, "फुकट राबून काय मिळणार रे?" मी म्हणतो, "कुणाच्या तरी आईला वेळेवर पाणी मिळेल."

स्वयंसेवकाने पाठ विमानांकडे करावी, तोंड माणसांकडे.