गालिच्यावर मिरचीचा फवारा उडाला तर…

मुलगी नोकरीला किंवा संध्याकाळच्या क्लासला जाऊ लागली की तिच्या पर्समध्ये मिरचीच्या फवाऱ्याची डबी येते. रक्षणासाठी घेतलेली ही डबी धाकट्या भावंडाच्या हाती लागली, की बैठकीच्या खोलीत खोकला नि शिंका सुरू! रायपूरच्या बूढापाऱ्यात बूढा तलावावरचा वारा खिडकीतून आला, की ठसका ओसरतो. गालिच्यात मुरलेले तिखट मात्र तिथेच राहते. त्यावर रांगणारे मूल तोच हात डोळ्याला लावते.

मिरचीतला जळजळ करणारा घटक, कॅप्सेसिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे नुसते पाणी ओतल्यास डाग पसरतो आणि गरम पाण्याने ठसका पुन्हा उठतो. त्याला साबणच हवा.

प्रथम मुले, वृद्ध आणि दम्याचे रुग्ण यांना बाहेर न्यावे. दारे-खिडक्या उघडाव्यात, छताचा पंखा बंद ठेवावा. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नये. तिखट हवेत उडते. रबरी हातमोजे घालून, नाकातोंडाला रुमाल बांधून कोरड्या पांढऱ्या फडक्याने डाग टिपून घ्यावा.

एक लिटर थंड पाण्यात चमचाभर भांडी घासण्याचा द्रव साबण मिसळावा. फडके त्यात बुडवून, पिळून, डागाच्या कडेपासून मध्याकडे टिपावे, घासू नये. नंतर साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढावा आणि कोरडे फडके दाबावे. असे तीन-चार वेळा करावे. नारिंगी छटा उरल्यास कापसावर थोडे स्पिरिट घेऊन आधी कोपऱ्यात रंग जातो का ते पाहावे. देवघरातला दिवा, गॅस तेव्हा विझलेले असावेत.

सरगुजातल्या मैनपाटच्या तिबेटी वसाहतीत विणतात तसा लोकरीचा गालिचा असेल, तर लोकरीच्या कपड्यांचा सौम्य साबण वापरावा. ब्लीच किंवा सोडा नको. लोकर खराब होते. गालिचा चिंब भिजवू नये. पावसाळ्यात तर तो वाळत नाही आणि वास धरतो. दोन खुर्च्यांवर टाकून दोन्ही बाजूंनी वारा लागू द्यावा.

हातमोजे साबणाने धुऊनच काढावेत, कपडे वेगळे धुवावेत. डोळ्यात गेल्यास न चोळता पंधरा मिनिटे थंड पाण्याने धुवावे; जळजळ थांबली नाही किंवा श्वास लागला, तर डॉक्टरांकडे जावे.

डबी मुलांच्या हाती लागणार नाही, पण मुलीला चटकन सापडेल अशी ठेवावी. रायपूरच्या उन्हाळ्यात ती बंद गाडीत मात्र ठेवू नये. उष्णतेने फुटू शकते.