यंत्रांचा जमाखर्च

काटकसरी कुटुंबात महिन्याचा जमाखर्च मांडताना धान्याला किती, तेलाला किती, दुधाला किती, हे निरनिराळे लिहिले जाते. कारण पैसा कोठे गळतो, हे एकट्या बेरजेवरून कळत नाही. कारखान्याचेही तसेच आहे. दारावरच्या मीटरवरून सबंध कारखान्याने किती वीज वापरली ते समजते. पण कोणते यंत्र गरजेपुरती वीज घेते आणि कोणते उधळते, हे समजत नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या यंत्राला स्वतंत्र मीटर असणे अगत्याचे आहे.

दाबलेल्या हवेचेच उदाहरण पाहावे. अनेक कारखान्यांत हत्यारे चालविण्यासाठी कॉम्प्रेसर नावाचे यंत्र हवा दाबून नळ्यांतून पुढे पाठविते. नळीच्या सांध्याला बारीकसे छिद्र पडले, की हवा गळू लागते. परंतु पाण्यासारखी तिची ओल दिसत नाही आणि यंत्रांच्या खडखडाटात तिचा फुसफुसाटही ऐकू येत नाही. जेथे निगा राखली जात नाही, तेथे दाबलेल्या हवेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक अशा रीतीने वाया जातो. मात्र एकही हत्यार चालू नसताना कॉम्प्रेसर वीज घेत असल्याचे मीटरने दाखविले, म्हणजे चोर सापडलाच!

या गळतीची झळ एकट्या मालकाला लागते काय? भारतातील बहुतेक वीज आजही कोळसा जाळून निर्माण होते. देशातील विजेच्या एका युनिटामागे सरासरीने सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वातावरणात मिसळतो आणि पृथ्वीचे तापमान वाढवितो. त्याची झळ शेतकऱ्याच्या पिकाला आणि उद्याच्या पिढीलाही लागते. हे ओळखूनच भारत सरकारने २००१ साली ऊर्जासंवर्धनाचा कायदा केला आणि २०१२ पासून सिमेंट, पोलाद, कागद इत्यादींच्या मोठ्या कारखान्यांना ऊर्जाबचतीची उद्दिष्टे नेमून दिली.

लहान कारखानदाराला हा खर्च कसा परवडावा, असा आक्षेप काही जण घेतात. तो अगदीच निराधार नाही. परंतु सर्व मीटर एकाच दिवशी बसविले पाहिजेत असे नाही. जे यंत्र सर्वांत अधिक वीज खाते, त्यापासून आरंभ करावा. तेथे वाचलेल्या पैशांतून पुढचे मीटर घ्यावे.

अर्थात, वैद्याने नाडी पाहिल्याने रोग बरा होत नाही. औषध घ्यावेच लागते. मीटरवरचे आकडे रोज वाचणारा, गळका सांधा त्याच दिवशी दुरुस्त करणारा आणि रिकामे फिरणारे यंत्र आठवणीने बंद करणारा कामगारच खरी बचत करतो. अशा दक्ष कामगाराचे स्थान कारखान्यात कुशल कारागिराइतकेच मानाचे असले पाहिजे.