गाडी कुणाची, गिऱ्हाईक कुणाचे?

दादर टी.टी.हून उच्च न्यायालयाकडे निघालेल्या एका तरुण वकिलाला परवा अर्थशास्त्राचा जो पाठ मिळाला, तो विद्यापीठाच्या वर्गात मिळाला असता की नाही याची शंकाच आहे. मोबाईलवरून मागवलेली गाडी दोनदा रद्द झाल्यामुळे त्रासून त्याने काळी-पिवळी टॅक्सी थांबवली. चालक सत्तरीच्या घरातला, मूळचा माण तालुक्यातला, १९७२ च्या दुष्काळात मुंबईस आलेला. भायखळ्याचा पूल येईपर्यंत त्याने सरकार, युनियन आणि विशेषतः सुशिक्षित वर्ग यांची यथेच्छ हजेरी घेतली होती. “काका, त्या नव्या पोरांच्या डोक्यावर निदान मालक तरी नाही,” असे वकील सहज म्हणाला, आणि पुढचा सगळा रस्ता चालकानेच बोलून काढला.

“मालक नाही? साहेब, आमच्या वेळी मालक दिसायचा. पाळी संपली की त्याच्या हातावर पैसे ठेवायचे, भांडायचे, नाही पटले तर किल्ली टाकून दुसरा मालक धरायचा. आता गाडी पोराच्या नावावर, हप्ता त्याच्या बोकांडी, गॅस त्याचा, अपघात त्याचा. गिऱ्हाईक तेवढे कंपनीचे! मग धंदा कुणाचा?”

हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. उत्पादनसाधन ज्याच्या हाती तो मालक, असे समाजवादी विचाराने दीर्घकाळ मानले. येथे साधन श्रमिकाच्याच हाती आहे, त्याचे कर्जही त्याच्याच माथी आहे, आणि तरी सत्ता दुसरीकडे आहे. कोणाला कोठून कोठे जायचे आहे आणि त्यासाठी तो किती मोजेल, याची वही ज्याच्यापाशी आहे, तो भाडे आणि दलाली एकतर्फी ठरवितो. गाडी उभी असतानाच्या तासांची मजुरी कोणीच देत नाही. गिरणीच्या दाराशी ताटकळणारा बदली कामगार निदान आपल्या पैशाने विकत घेतलेला माग सोबत आणीत नसे!

कायद्याने या स्थितीची दखल घेतली आहे, पण अर्धवट. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कल्याणनिधीत भरावी, अशी तरतूद तीत आहे. चालकाला मात्र ती कर्मचारी मानीत नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये उबरचे चालक हे श्रमिकच आहेत असा निर्णय देऊन त्यांचा किमान वेतनाचा हक्क मान्य केला. आपल्याकडे दान मिळाले आहे, हक्क अद्याप दूर आहे.

चालकाचे सगळेच बोलणे मान्य करण्याजोगे नव्हते. मोबाईलवरच्या गाड्या सरसकट बंद कराव्यात, ही त्याची मागणी त्याच्याच गावच्या पोरांच्या पोटावर येणारी आहे. जवळचे भाडे नाकारण्याची काळी-पिवळीवाल्यांची सवय कंपन्यांच्या पथ्यावर पडली, हे वकिलाने ऐकवले, तेव्हा तो एक सिग्नल गप्प बसला. मग म्हणाला, “खरे आहे. आम्ही माजलो होतो.” इतका प्रांजळपणा आमच्या पक्षांच्या अधिवेशनांतही क्वचित आढळतो.

त्याच्या बोलण्यातील सर्वांत बोचरा भाग मात्र पुढे होता. “मला पहिले कर्ज दिले ते जॉर्जच्या बँकेने. दुसऱ्या बँकांत खाकी कपडे बघूनच शिपाई हटकायचा.” टॅक्सीवाल्यांसारख्या श्रमिकांना कर्ज मिळावे म्हणून जॉर्ज फर्नांडिस यांनी १९६८ मध्ये बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक स्थापन केली. १९७७ मध्ये ती ‘न्यू इंडिया’ झाली, नावातून ‘लेबर’ गळाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले, १२२ कोटींच्या अपहाराचा गुन्हा नोंदला गेला आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. ठेवीदार रांगेत उभे असताना, या संस्थेचे मूळ ज्या चळवळीत होते तिच्या वारसांपैकी किती जण त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले?

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय सहकारमंत्र्यांनी लोकसभेत सहकारी टॅक्सीसेवेची घोषणा केली. समाजवाद्यांनी करावयाचे काम सरकारने हाती घेतले, याबद्दल कुरकुर करण्याचे कारण नाही. तपासायचे ते एवढेच, की संचालक निवडणार कोण आणि ग्राहकांची ती वही राहणार कोणाच्या ताब्यात. शासनाने वरून उभारलेल्या सहकाराचे काय होते, हे साखरेच्या या राज्याला कोणी सांगावयास नको. चालकांनी स्वतः भाग घेऊन, प्रत्येक शहरात आपापली सोसायटी उभारून हे काम करावयास हवे आणि त्यासाठी कार्यकर्त्यांनी टॅक्सीतळांवर जाऊन बसावयास हवे.

हुतात्मा चौकापाशी वकिलाने विचारलेच, “अशी सोसायटी निघाली तर भाग घ्याल का, काका?”

“घेईन की. पण दर महिन्याला हिशेब मराठीत वाचून दाखवायला कोण येणार ते आधी सांगा,” चालक म्हणाला, आणि उरलेले सुटे पैसे मोजून त्याने वकिलाच्या हातावर ठेवले.